ईआरपी घेतलं, पण वह्या काही सुटेनात

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत कास्टिंग (धातू ओतून केलेले भाग) आणि मशिनिंग करणारी दीडएकशे माणसांची कंपनी, ईआरपी म्हणजे खरेदी, स्टोअर, उत्पादन, हिशेब सगळं एकत्र चालवायचं सॉफ्टवेअर घेऊन वर्ष उलटून गेलं, बिलं आणि खरेदीच्या ऑर्डरी सिस्टीममधून निघतात, पण स्टोअर, मेल्टिंग, मोल्डिंग, फेटलिंग (कास्टिंग घासून साफ करायचं काम) सगळीकडं अजून वह्याच चालतात आणि एक कॉम्प्युटर ऑपरेटर दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वह्या बघून एन्ट्र्या मारतो. मालक म्हणतात सॉफ्टवेअरच बदलू, व्हेंडर म्हणतो तुमच्या लोकांनाच शिकायचं नाही, आणि तुम्ही विचारताय की परत ट्रेनिंग लावू का एन्ट्री न करणाऱ्याला दंड लावू.

मी बरीच वर्षं कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली आणि पुण्याकडच्या छोट्या-मध्यम कारखान्यांत हेच काम करतोय, म्हणजे सॉफ्टवेअर विकायचं नाही, घेतलेलं सॉफ्टवेअर चालू करून द्यायचं, त्यामुळं हे चित्र चांगलंच ओळखीचं आहे. तुमची कंपनी मी बघितलेली नाही, त्यामुळं काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून राहतील, तिथं तिथं तसं सांगतो. पण ट्रेनिंग आणि दंड ह्या दोन्हीच्या आधी तुम्हाला एक गोष्ट शोधायला लागेल, ती म्हणजे एन्ट्री करायचं काम कुणाच्या अंगावर पडलंय आणि त्या एन्ट्रीचा फायदा कुणाला होतोय. ही दोन माणसं वेगवेगळी असली की सिस्टीम अडते, आणि तुमच्या वर्णनावरून बहुतेक तेच झालंय.

"लोकांना बदल नको असतो" हे मला अजिबात पटत नाही. यूपीआय २०१६ साली आलं, आज तुमच्या गेटबाहेरचा चहावाला, फेटलिंगचा कामगार, स्टोअरमधले काका सगळे क्यूआर स्कॅन करून पैसे देतात-घेतात, कुणी त्यांचं ट्रेनिंग घेतलं नव्हतं. तुमच्या शिफ्टचा रिपोर्ट सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर येत असणार, वहीच्या पानाचा फोटो काढून का असेना पण येत असणार. म्हणजे मोबाईल वापरणं, टाइप करणं, फोटो पाठवणं ह्यातलं काही अवघड नाही. सुट्ट्या पैशाची कटकट गेली हे माणसाला पहिल्याच दिवशी दिसलं म्हणून त्यानं ते उचललं. ईआरपीत मोल्डिंगच्या सुपरवायझरला पहिल्या दिवशी काय दिसलं? तर कामात एक काम वाढलेलं दिसलं.

आता तुमच्याच कंपनीत बिलिंग का चालतं ते बघा, कारण उत्तर तिथंच आहे. ई-इनव्हॉइस, म्हणजे बिल जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर नोंदवायची सक्ती, १ ऑक्टोबर २०२० पासून ५०० कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना लागू झालं आणि खाली येत येत १ ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वरच्यांना लागू झालं, म्हणजे आपल्या भागातल्या बऱ्याच फाउंड्र्या आणि मशिनशॉप त्यात आले. आता गाडी भरून गेटवर उभी असते, ड्रायव्हर घाई करतोय, आणि आयआरएन (त्या पोर्टलवरून बिलाला मिळणारा नंबर) आल्याशिवाय बिल हातात पडत नाही, बिनक्यूआरचं बिल घेऊन गाडी गेली तर ग्राहकाच्या गेटवर अडते. त्यामुळं तिथं एन्ट्री म्हणजेच काम आहे, एन्ट्री नाही तर डिस्पॅच नाही. तुमच्या डिस्पॅच क्लार्कला कुणी दंड लावला नव्हता, त्याला जास्तीचं ट्रेनिंगही दिलं नव्हतं. ह्याउलट मोल्डिंगमध्ये साचे पडतात, धातू ओतला जातो, कास्टिंग गार होऊन पुढं जातं, आणि एन्ट्री कुणी केली नाही तरी ह्यातलं काहीही थांबत नाही. तिथं एन्ट्री हे काम झाल्यावरचं काम आहे.

हे माझंच निरीक्षण आहे असं नाही. जोनाथन ग्रुडिन नावाच्या संशोधकानं १९८८ मध्ये हेच मांडलं होतं, त्यानं मीटिंग आपोआप ठरवून देणाऱ्या सॉफ्टवेअरचं उदाहरण घेतलं होतं. मीटिंग बोलावणाऱ्याची मोठी सोय, पण त्यासाठी बाकी सगळ्यांनी आपापलं कॅलेंडर रोज भरत राहायचं, त्यांना त्यातून मिळत काहीच नाही, म्हणून ते भरत नाहीत आणि मग मीटिंगवाल्याचीही सोय होत नाही. पुढं १९९९ मध्ये फिचमन आणि केमेरर ह्या दोघांनी दाखवलं की कंपन्या तंत्रज्ञान विकत घेतात आणि ते खरोखर वापरात येतं ह्यात मोठी दरी असू शकते, त्यामुळं किती जणांनी घेतलं हे मोजलं तर तंत्रज्ञान पसरलंय असा भास होतो. तुम्ही आत्ता त्याच दरीत उभे आहात आणि असे तुम्ही एकटे नाही.

मी कुठल्याही कारखान्यात गेलो की आधी सिस्टीम उघडून बघत नाही, स्टोअरच्या खिडकीपाशी जाऊन उभा राहतो. शिफ्ट सुरू झाली की सीएनसी मशिनचा ऑपरेटर इन्सर्ट (धातू कापायचं छोटं बदलतं पातं) घ्यायला येतो, मागं अजून तिघं-चौघं. वहीत तारीख, नाव, मशिन, इन्सर्टचा नंबर, नग, ऑपरेटरची सही, संपलं, पुढचा या. तेच सिस्टीममध्ये करायचं तर लॉगिन, इश्यूचा मेनू, डिपार्टमेंट, कॉस्ट सेंटर, वर्क ऑर्डर, आयटम कोड, बॅच, नग, रिमार्क आणि मग सेव्ह. वर्क ऑर्डरचा नंबर ऑपरेटरला माहीत नाही, स्टोअरवाल्याला तर त्याहून नाही, तो प्लॅनिंगच्या पोराकडं. आयटम शोधायला जावं तर एकच सीएनएमजी प्रकारचा इन्सर्ट आयटम मास्टरमध्ये, म्हणजे सिस्टीममधल्या मालाच्या यादीत, तीन नावांनी पडलेला असतो, एकदा कंपनीच्या कोडनं, एकदा नुसताच "इन्सर्ट टर्निंग" म्हणून आणि एकदा खरेदीवाल्यानं सप्लायरच्या बिलावरून जसाच्या तसा टाकलेला. त्यात जीआरएन (माल आल्याची नोंद) व्हायचा राहिलेला असेल, कारण रेट जुळत नाही म्हणून बिल अकाउंट्सला अडकलंय, तर सिस्टीम सांगते स्टॉक शून्य, इश्यू होणार नाही. माल समोर रॅकवर दिसतोय, मशिन बंद पडायची वेळ आलीये, आणि स्क्रीन नाही म्हणतेय. अशा वेळी स्टोअरवाला वही उघडणार नाही तर काय करणार? त्यानं वही उघडली म्हणून तुमची मशिन चालली हे आधी मान्य करायला पाहिजे.

आणि ह्या माणसाला ट्रेनिंग दिलं तर काय शिकवणार? सेव्हचं बटण कुठं आहे हे त्याला माहीत आहे. इथं ट्रेनिंगचा प्रश्नच नाही, इथं स्क्रीन कमी करायचा प्रश्न आहे. इश्यूला आयटम, नग, मशिन आणि माणूस एवढं पुरतं, कॉस्ट सेंटर मशिनवरून सिस्टीमनं आपोआप घ्यावं, वर्क ऑर्डर इन्सर्टसारख्या कंझ्युमेबलला सक्तीची ठेवू नये. बिनवर बारकोड लावला तर आयटम शोधायची भानगडच जाते. माल गेटवर आला की नग मोजून लगेच जीआरएन व्हावा, रेटची भांडणं नंतर अकाउंट्सनं बघावीत. ह्यातल्या बऱ्याच गोष्टी व्हेंडर तुमच्या आहे त्याच सॉफ्टवेअरमध्ये सेटिंग बदलून देऊ शकतो, पण त्याला हे कुणी मागितलेलंच नसतं, कारण मागणी लिहून देताना मालक, अकाउंटंट आणि व्हेंडर बसलेले असतात, स्टोअरवाला नसतो.

मग त्याला परत काय मिळणार हे बघा. मार्चअखेरीला स्टॉक टेकिंगला ऑडिटरसमोर स्टोअरवाल्याची जी दमछाक होते ती वर्षभर कुणी विचारत नाही, त्याला सांगा की एन्ट्री रोजच्या रोज बरोबर राहिली तर मार्चमध्ये रात्री थांबायला लागणार नाही आणि ते खरं करून दाखवा. माल संपत आला की खरेदीला आपोआप निरोप जावा, म्हणजे "तू सांगितलंच नाहीस" हे बोलणं त्याला ऐकावं लागणार नाही. शिफ्ट सुपरवायझरला शिफ्टचा रिपोर्ट सिस्टीममधून तयार होऊन मिळू दे, मग व्हॉट्सॲपवर वेगळा लिहायला लागणार नाही. दर माणसाला त्याच्याच कामातलं काहीतरी कमी झालेलं दिसलं पाहिजे, आणि ते महिनाभरात दिसलं पाहिजे, पुढच्या वर्षी कंपनीचा नफा वाढेल हे ऐकून कुणी आज एन्ट्री करत नाही.

वारणेचं उदाहरण तुम्हाला जवळचंच आहे म्हणून सांगतो. १९९८ मध्ये वारणानगर परिसरात कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यातली ७० गावं कॉम्प्युटरनं जोडायचा प्रकल्प सुरू झाला, केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा सहकारी समूह तिघं मिळून. शेतीचा सल्ला, बाजारभाव, सरकारी कागदपत्रं असं बरंच काही गावातल्या केंद्रावर मिळणार होतं. प्रत्यक्षात शेतकरी त्या केंद्रावर प्रामुख्यानं यायचा तो साखर कारखान्याच्या कामासाठी, म्हणजे उसाचं वजन किती भरलं, तोडीचं काय, खताचं काय, एवढ्यासाठी. पुढं संशोधकांनी बघितलं तर हा सगळा व्यवहार म्हणजे थोड्या आकड्यांची देवाणघेवाण होती, मग काही गावांत त्यांनी कॉम्प्युटरच्या जागी मोबाईलवरून एसएमएस वापरून बघितलं आणि शेतकऱ्याचं तेवढ्यानं काम भागलं. मला ह्यातून जे दिसतं ते असं, की माणसाच्या रोजच्या गरजेचा आणि संस्थेच्या गरजेचा जिथं एकच आकडा असतो तिथं तंत्रज्ञान टिकतं, शेतकऱ्यालाही वजन पाहिजे आणि कारखान्यालाही वजन पाहिजे. आणि एकदा तो आकडा सापडला की यंत्र साधं असलं तरी चालतं. तुमच्या फाउंड्रीत असा आकडा कुठला हे शोधा, माझा अंदाज हीट नंबर, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचा नंबर, आणि त्या हीटचं रिजेक्शन.

कारण ब्लोहोलची (कास्टिंगच्या आत राहिलेल्या पोकळीची) तक्रार ग्राहकाकडून आली की क्वालिटीवाला मेल्टिंगची वही, स्पेक्ट्रोचे म्हणजे धातूच्या तपासणीचे रिपोर्ट, मोल्डिंगची वही असं सगळं घेऊन बसतो आणि कुठली हीट, चार्जमध्ये म्हणजे भट्टीत टाकलेल्या मालात काय होतं, टॅपिंगचं म्हणजे धातू भट्टीतून काढतानाचं तापमान काय होतं हे जुळवण्यात एक-दोन दिवस घालवतो. हीट नंबरवर हे सगळं एका जागी दिसलं तर क्वालिटीचा, मेल्टिंगचा आणि ग्राहकाशी बोलणाऱ्याचा तिघांचाही त्रास वाचतो. इथं एक सांगतो, भट्टीपाशी कागद राहिला तरी चालेल. तिथली धूळ, उष्णता, हातातले मोजे बघता टॅबलेटचा हट्ट धरू नका. हीटशीट कागदावर लिहू दे, पण त्याच शिफ्टमध्ये त्याच सुपरवायझरनं ती केबिनमध्ये चढवायची, दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर ऑपरेटरनं नाही. दुसऱ्या दिवशी ऑपरेटर चढवतो तेव्हा चुकीचा आकडा त्याला कळत नाही आणि कळला तरी विचारायला तो सुपरवायझर शिफ्ट संपवून घरी गेलेला असतो.

आता जरा अवघड भाग, ज्यावर मालकांशी तुम्हालाच बोलायला लागेल. सकाळी मालक कुणाला फोन करतात? स्टॉक किती आहे हे ते स्टोअरवाल्याला विचारतात, काल किती बॉक्स (साचे) पडले हे मोल्डिंग सुपरवायझरला विचारतात, आणि तो वही बघून सांगतो. म्हणजे कंपनीचा खरा आकडा वहीत आहे हे रोज सकाळी मालक स्वतःच सगळ्यांना सांगतात. सकाळची मीटिंग सिस्टीमच्या स्क्रीनवर घ्यायला लावा, आकडा चुकीचा दिसला तरी वहीतला बरोबर आकडा तोंडी घ्यायचा नाही, सिस्टीममध्ये दुरुस्त करायला लावायचा आणि मगच पुढं जायचं. पहिले पंधरा-वीस दिवस मीटिंग लांबते, चिडचिड होते, पण ह्याशिवाय झालेलं मी तरी बघितलेलं नाही. मालक ह्याला तयार नसतील तर मग तुम्ही खाली कितीही धडपड करा, जेमतेम बिलिंगच चालेल.

दुसरी गोष्ट भीतीची, आणि ती खोटी नसते. मोल्डिंग कॉन्ट्रॅक्टवर असेल तर हीटवार रिजेक्शन दिसायला लागलं की आपले पैसे कापले जाणार हे कॉन्ट्रॅक्टरला कळतं. स्टोअरवाला अडीनडीला लागेल म्हणून थोडा माल हिशेबाबाहेर बाजूला ठेवतो, त्याच्या जोरावर त्यानं कितीतरी वेळा लाइन चालू ठेवलेली असते, तो माल सिस्टीममध्ये आला की तो चोर ठरणार असं त्याला वाटतं. बँकांत १९८०च्या दशकात हेच झालं, नोकऱ्या जातील म्हणून संघटनांनी विरोध केला, १९८३ मध्ये बँका आणि संघटनांचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि टप्प्याटप्प्यानं यंत्रं आली. जुन्या बँकवाल्यांशी बोलून बघा, लेजरचं बॅलन्सिंग आणि सहामाहीचं व्याज लावायला रात्री बसायचं बंद झालं हे ते अजून सांगतात. पण आधी भीतीवर बसून बोलणं झालं होतं. तुमच्याकडं मालकांनी एवढं जाहीर करायला हरकत नाही, की पहिले सहा महिने सिस्टीममधल्या रिजेक्शनवरून कुणाचेही पैसे कापले जाणार नाहीत आणि स्टोअरमधला बाजूला ठेवलेला माल दाखवला तर विचारणा होणार नाही. आणि मग तो शब्द पाळायचा, एकदा जरी मोडला तरी लोक तो विसरत नाहीत.

दंडाबद्दल माझं मत इथंच सांगतो. दंड लावला तर एन्ट्र्या येतील, नक्की येतील, पण रिजेक्शनच्या कारणात सगळे "इतर" निवडतील, वेळ सगळ्यांची शिफ्ट संपायच्या पाच मिनिटं आधीची असेल, आणि एकाच माणसाच्या लॉगिननं सगळ्या शिफ्टचं काम झालेलं दिसेल. रिकामा कॉलम निदान रिकामा आहे हे तरी कळतं, खोटा भरलेला कॉलम कळत नाही.

सुरुवात सगळ्या कंपनीत एकदम करू नका. एक ग्राहक आणि त्याचं नियमित चालणारं एक कास्टिंग घ्या, मोल्डिंगपासून डिस्पॅचपर्यंत त्याचं सगळं सिस्टीममध्ये, बाकीचं आहे तसं चालू द्या. अमेरिकेत आयोवा राज्यात हायब्रीड मक्याचं बियाणं शेतकऱ्यांत कसं पसरलं ह्याचा १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेला रायन आणि ग्रॉस ह्यांचा अभ्यास आहे, २५९ शेतकऱ्यांचा. त्यात दिसलं की बियाण्याची माहिती बहुतेकांना आधी विक्रेत्याकडून मिळाली, पण पेरायचं ठरवताना वजन शेजाऱ्याच्या अनुभवाला होतं, आणि बऱ्याच जणांनी आधी थोड्याच रानात लावून बघितलं. आपल्याकडंही नवीन वाण आलं की शेतकरी तेच करतो. त्यामुळं व्हेंडरचा ट्रेनर परत परत आणण्यापेक्षा शॉपवरचाच एक माणूस तयार करा, आणि तो रिकामा आहे म्हणून निवडू नका. अडलं की बाकीचे आधीपासून ज्याला विचारतात तो घ्या, मग तो कॉम्प्युटरमध्ये थोडा कच्चा असला तरी चालेल. त्याच्याकडचं दुसरं काहीतरी काम मात्र काढून घ्या, नाहीतर दोन महिन्यांत तोच कंटाळेल.

वही बंद करायची तारीख ठरवा. वही आणि सिस्टीम दोन्ही अनिश्चित काळ चालू ठेवणं हे सगळ्यात वाईट, कारण दुहेरी काम खालच्या माणसाला पडतं आणि दोन आकडे जुळत नाहीत म्हणून बोलणीही तोच खातो. त्या एका कास्टिंगसाठी महिनाभर दोन्ही चालवा, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी प्रत्यक्ष नग मोजून सिस्टीमशी जुळवा, जुळलं की त्या कास्टिंगची वही कपाटात. लाइट गेली किंवा नेट बंद पडलं तर काय करायचं ह्याच्या छापील स्लिपा आधीच तयार ठेवा, आणि लाइट आल्यावर त्या कुणी चढवायच्या तेही नावानिशी ठरवा, नाहीतर पहिल्याच अडचणीला वही कपाटातून बाहेर येते.

राहिला प्रश्न सॉफ्टवेअर बदलायचा. कधीकधी खरंच बदलायला लागतं, हे तुमच्या सॉफ्टवेअरवर अवलंबून आहे. तुमचं कास्टिंग मशिनिंगला बाहेर जॉबवर्कला जात असेल आणि चलनावर गेलेला-आलेला माल सिस्टीममध्ये हीटवार जुळत नसेल, रनर-रायझर (साच्याच्या वाटांत गोठलेला जादा धातू) परत भट्टीत जातात त्याचा हिशेब ठेवायची सोयच नसेल, किंवा स्क्रीनवरचा एक कॉलम काढायलाही व्हेंडर दरवेळी वेगळं कोटेशन देत असेल, तर बदलायचा विचार जरूर करा. पण फक्त लोक वापरत नाहीत म्हणून बदललं तर नव्या सॉफ्टवेअरमध्येही त्याच तीन नावांचा इन्सर्ट आणि तोच ऑपरेटर दुसऱ्या दिवशी दुपारी वही घेऊन बसलेला दिसेल, पैसे मात्र परत जातील.

म्हणून ह्या आठवड्यात मालकांशी सॉफ्टवेअर बदलायची चर्चा पुढं ढकला आणि आयटम मास्टर एक्सेलमध्ये काढून घ्या. स्टोअरवाला आणि खरेदीवाला ह्या दोघांना एका टेबलावर बसवा, रोज तासभर, आणि डबल-तिबल नावं लाल करायला सांगा, आधी फक्त वर्षभरात हललेले आयटम घ्या, बाकीचे नंतर. ते करताना स्टोअरवाला आपणहून सांगेल कुठं काय अडतं, ते लिहून घ्या आणि त्याच भाषेत व्हेंडरला पाठवा. व्हेंडरचं उत्तर काय येतं ते इथं टाका, त्यातलं सेटिंगनं होण्यासारखं काय आणि तो उगाच पैसे मागतोय कशाचे हे मी बघून सांगतो.